घरमालकांना विचारून सांगतो

पालवणकरकाका मेलेल्या माणसाच्या घरात शिरताना दार वाजवायचे. दार सताड उघडं असो, पडवीत वकील आणि वारस ताटकळत उभे असोत, काका उंबऱ्याबाहेर चपला काढणार, चौकटीवर बोटाच्या पेराने तीनदा टकटक करणार आणि म्हणणार, "आत येऊ का?" मग थांबणार. किती वेळ, ते त्या त्या घरावर. कुठे चार श्वास, कुठे पाच मिनिटं. आतून कुणी 'या' म्हणालेलं मी कधी ऐकलं नाही. पण काकांना ते मिळत असावं, कारण थोड्या वेळाने ते मान हलवून डावा पाय आत टाकायचे आणि मागे वळून मला म्हणायचे, "चला सुमनबाई. हो म्हणतायत."

एकदा महाडच्या बाजारपेठेत, ट्रकचा धंदा असलेल्या हुसेनभाईंच्या घरी, होकारच आला नाही. त्यांचा मुलगा इरफान कुवेतहून चार दिवसांच्या रजेवर आलेला. तो म्हणाला, "काका, बाबा गेले. आता जवाब कोण देणार?"

"तेच देतील. घाई वारसाला असते, घरमालकांना नसते," काका म्हणाले, आणि आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी गेलो तर पहिल्याच टकटकीला काका आत. "आज बरं आहे त्यांना," म्हणाले. इरफान माझ्याकडे बघत राहिला, मी हातातल्या पिशवीकडे. मला नोकरी लागून नऊ दिवस झाले होते आणि ती टिकावी, यापलीकडे माझं काही म्हणणं नव्हतं.

काकांचं काम असं. एखादा माणूस मृत्युपत्र करून गेला आणि ते कोर्टात शाबीत करायचं ठरलं, की त्याच्यामागे काय काय राहिलं याची यादी लागते. त्या शाबीत करण्याला प्रोबेट म्हणतात, हा शब्द मी इथेच शिकले. जमीन-घराचा भाव काढणारे इंजिनियर वेगळे. काका घराच्या आतलं बघायचे. खाट, कपाट, हंडे-कळश्या, सतरंज्या, पाट, सगळ्याचं वर्णन आणि आजच्या बाजारात येईल ती किंमत. आमच्याकडची निम्मी घरं मुंबईवर नाहीतर आखातावर चालतात. म्हातारा गावात मरतो, वारस बाहेर असतात, आणि मध्ये ते बंद घर. त्या बंद घरात काका आणि मी.

'आमच्याकडची' म्हणाले खरी, पण मी मूळची हिंगोलीकडची. सातवीनंतर शाळा सुटली. नवऱ्याला एमआयडीसीत कंत्राटी काम मिळालं म्हणून महाडला आले. दोन वर्षांनी तो वापीला पगार जास्त आहे म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. गावी परत जाऊन काय सांगायचं, म्हणून मी राहिले. कोर्टाजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात झाडलोट करायची. तिथे काकांनी मला पाकिटावर पत्ता लिहिताना बघितलं.

"अक्षर मोठं आहे, पण पळत नाही," ते म्हणाले. "कामाला येता? बायकांच्या ट्रंकेला पुरुषाचा हात लागलेला घरमालकिणींना आवडत नाही."

मला वाटलं, घरमालकिणी म्हणजे कुणीतरी जिवंत बायका.

पहिल्या दिवसापासून त्यांनी मला अहोजाहो केलं. सातवी शिकलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या बाईला 'अहो सुमनबाई' म्हणणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता. त्यामुळे पुढे जे जे बघितलं, त्याला मी घाबरले, पण नोकरी सोडायचा विचार केला नाही.

काका साठीच्या पुढचे, उंच, खांद्यात वाकलेले. अंगात पांढरा सदरा, गळ्यात दोऱ्याला बांधलेलं चुंबक. पितळ म्हणून लोखंड खपवलंय का, ते त्याने कळतं. घर बघायची त्यांची दिशा ठरलेली होती. दारातून शिरलं की उलट्या अंगाने, उजवीकडून सुरुवात करून डावीकडे बाहेर. "जिवंताच्या घराला सुलट फेरी, गेलेल्याच्या घराला उलट," म्हणायचे. घरातल्या कुठल्याही खुर्चीवर बसायचे नाहीत. "बसलेल्यावर बसू नये," एवढंच कारण.

ते सांगायचे, मी लिहायची.

"छत्री एक, काळी, लाकडी मुठीची, अजून ओली."

मी थबकले. घरमालक दिवाळीआधी गेलेले, आणि बाहेर मार्चचं ऊन. "अजून ओली, असं लिहू का काका?"

"कोर्टाला नको. मनात लिहा."

त्या छत्रीला मी हात लावून बघितला नाही. आजही लावणार नाही.

"चष्मा एक, उजव्या काचेला चीर, वाचता वाचता ठेवलेला. आरसा एक, पारा उडालेला. सुमनबाई, त्यात बघू नका. त्यांचं अजून बघून झालेलं नाही."

हुसेनभाईंच्या घरात भिंतीवर सात घड्याळं निघाली. इरफानने कुवेतहून दर खेपेला एक आणलेलं. सातही बंद, सात वेगवेगळ्या वेळांना. काकांनी स्टुलावर चढून एकेका घड्याळाला कान लावला आणि सांगितलं, "घड्याळं सहा, बंद. घड्याळ एक, थांबलेलं."

"फरक काय त्यात?" इरफानने विचारलं.

"बंद म्हणजे सेल संपला. थांबलंय म्हणजे कुणासाठी तरी."

इरफानने ते कुठलं म्हणून विचारलं. काकांनी दाखवलं. ते त्याने शेवटच्या खेपेला आणलेलं होतं. तो पडवीत जाऊन बसला, पुढचा तासभर आत आला नाही. काम आटोपून आम्ही जिना उतरत होतो तेव्हा वर टोला पडला. एकच. इरफान आम्हाला सोडायला खालपर्यंत आला होता. तो म्हणाला, "काका, त्यातलं एक पण टोल्याचं घड्याळ नाय."

"मग वर जाऊन चहा घ्या जरा," काका म्हणाले आणि चपला घातल्या.

पाचाडला एका छोट्या खानावळवाल्याचं घर होतं. तो गेल्यावर मागे बायको आणि एक मुलगा. म्हणजे तो होता तेव्हा जेवणारी तोंडं तीन. काकांनी ताटं पालथी करून प्रत्येकाच्या बुडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "घरातली ताटं सहा. चार रोजची, दोन पाहुण्यांची."

"तीन रोजची," मुलगा म्हणाला.

"चार. चौथं कालही घासलंय."

त्याच्या आईने पदर तोंडाला लावला. मग मला चुलीपाशी बोलावून हळूच म्हणाली, "थोरला व्हता माझा. पाच वर्षांचा असताना गेला. त्याचं ताट मी रोज वाढते गो, मागल्या दारी. मग गायीला घालते. मालकांना पण ठावं नव्हतं." मी हे काकांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. यादीत मी लिहिलं, ताटं सहा.

अशा माणसाची गावाला भीती वाटणारच. काका दुकानात शिरले की वाणी नवा वजनकाटा आत न्यायचा. लग्नाच्या पत्रिका त्यांना यायच्या नाहीत, कारण मांडवात बसून ते रुखवताकडे बघतील, आणि त्यांनी बघितलं म्हणजे यादी झाली. एकदा पोलादपूरकडच्या एका गावात आम्ही पत्ता विचारायला थांबलो, तर अंगणात पाटावर बसलेली एक म्हातारी काकांना ओळखून म्हणाली, "ए बाबा, माझ्या पाटाकडं बघू नको. मी अजून बसायची हाय त्यावर."

"बसा, बसा," काका घाईने म्हणाले आणि तोंड फिरवून उभे राहिले. पत्ता मी विचारला.

लोक काय म्हणतात, याचं त्यांना काही वाटत नसावं असं मी धरून चालले होते. त्यांना एकाच गोष्टीचा अभिमान होता. इतक्या वर्षांत त्यांच्या एकाही यादीत खाडाखोड झाली नव्हती. "वस्तू खोटं बोलत नाही, सुमनबाई. वारस बोलतो, वकील बोलतो, शेजारी तर बोलतोच. वस्तू नाही. आपण फक्त ऐकून लिहायचं." एखाद्या वस्तूवरून वाद निघाला की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "घरमालकांना विचारून सांगतो." मग ते त्या वस्तूपाशी डोळे मिटून उभे राहायचे, आणि जे सांगायचे ते बरोबर निघायचं.

त्यांचं चुकलं ते एकदाच. आणि ती चूक लिहिली मी.

उमरठच्या बाजूला एका वाडीत महादेव उतेकर म्हणून गृहस्थ वारले. मुंबईला गोदीत नोकरी केलेले, बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. मुंबईत एक खोली होती, ती नावावर करायची म्हणून प्रोबेट. ती खोली आणि गावचं घर, 'आतील सर्व चीजवस्तूंसह', त्यांनी पुतण्याला लिहून दिलं होतं. पुतण्या सुनील डोंबिवलीचा, कानाला मोबाइल लावून जीपमधून उतरला. घरात गोदाबाई होत्या. महादेवरावांची बायको गेल्यानंतर स्वयंपाकपाण्याला आल्या त्या एकोणीस वर्षं राहिल्या. शेवटची चार वर्षं महादेवराव खाटेवर होते, ते सगळं त्यांनीच केलं. मृत्युपत्र गोदाबाई यायच्या आधीचं, त्यामुळे त्यात त्यांचं नाव नव्हतं. नवं करायचं राहून गेलं असणार. माणसाला वाटतं, वेळ आहे.

काकांनी टकटक केली आणि बराच वेळ उभे राहिले. "हो म्हणतायत. पण हळू या म्हणतायत."

आत धूळ होती आणि थंडावा होता. हात मोडलेली, सुतळीने बांधलेली एक खुर्ची खिडकीकडे तोंड करून होती. खुंटीवर सदरा होता. तो लोंबत नव्हता. त्याच्या बाह्या कोपरात वाकलेल्या होत्या, आत हात असावेत तशा. गोदाबाई मागच्या दाराच्या पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसलेल्या. आम्ही घरभर उलटी फेरी घेतली, त्या एकदाही वळल्या नाहीत.

स्वयंपाकघराची एक भिंत मात्र लखलखत होती. पितळेची पातेली, तांब्याचे हंडे, स्टीलचे डबे, पराती, मोठाले टोप. साऱ्या घरात धूळ आणि ह्या भिंतीवर कण नाही. मी एकेक उतरवून काकांपुढे धरत गेले. ऊन तिथवर येत नव्हतं, चूल विझून किती दिवस झालेले, तरी प्रत्येक भांडं हाताला कोमट लागत होतं. काकांनी पहिल्या हंड्याला हात लावला तेव्हा तेही थबकले. मग काठाजवळ कोरलेलं नाव वाचलं. 'म. उतेकर'. दुसऱ्यावर तेच. सगळ्यांवर तेच.

"भांडी एकेचाळीस नग," काकांनी सांगितलं. "सर्वांवर मयताचं नाव. मालकी स्पष्ट."

मी लिहिलं.

घरात राहणाऱ्या माणसाला यादी वाचून दाखवायची पद्धत आहे. मी गोदाबाईंना वाचून दाखवली आणि बरोबर आहे का म्हणून विचारलं. "त्यांचंच नाव हाय ना त्यावर," त्या म्हणाल्या आणि अंगठा दिला. आम्ही निघताना त्यांनी माझा हात धरला. "बाय गो, शनवारी टेंपो येतंय म्हणं. त्या पोराला सांग, मोठा टोप तळाला घालू नको, काठ चेमटतंय."

"तुम्ही कुठे जाणार?" मी विचारलं.

"पोलादपूरला भावाची पडवी हाय. तिथं चूल मांडायची व्हती मला. आंबेनळी घाट चढणारे डायवर जेवतात. त्यासाठीच तर मोठाली भांडी." मग म्हणाल्या, "आता बघू. हातावर तर कोण जेवत नाय."

परत येताना जीपमध्ये सुनील फोनवर कुणाला तरी सांगत होता, "ब्रास का रेट पूछ के रख, अच्छा माल है."

खोलीवर आल्यावर मी चहाचं पातेलं धुवायला घेतलं. पालथं केलं, आणि तशीच हातात धरून बसले. त्यावर माझ्या नवऱ्याचं नाव होतं. रमेश. माझ्याकडे सहा भांडी आहेत आणि सहांवर रमेश आहे. ती सहाही मी रमेश गेल्यानंतर घेतली. झेरॉक्सच्या दुकानातल्या पगारातून, एकेक. नाव घालणारा मशीन चालू करून विचारतो, "बोला ताई, कुणाचं टाकू?" मागे चार बायका रांगेत असतात. तिथे काय सांगायचं? मी रमेश सांगितलं. सहाही वेळा.

काकांना हे माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी कधी भांड्यावर नाव घालायला रांग लावली नव्हती. मला मात्र माहीत होतं, आणि मी 'मालकी स्पष्ट' असं मोठ्या, न पळणाऱ्या अक्षरात लिहून आले होते.

मला त्यांना सांगायची भीती वाटत होती. ज्याच्या यादीत कधी खाडाखोड नाही, त्याला सातवी शिकलेली बाई जाऊन सांगणार की तुमचं चुकलं? नोकरी गेली तर महाडात मला ओळखणारं दुसरं कोण? दोन दिवस मी गप्प बसले. शुक्रवारी पातेलं पिशवीत घालून ऑफिसात नेलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"काका, ह्याची यादी करा."

त्यांनी चष्मा लावला. "पातेलं एक, स्टील, बुडाला एक पोचा, रोजच्या वापरातलं. नाव रमेश. मालक रमेश."

"मालक मी," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं, "मालक मी आहे काका. रमेश गेल्यावर घेतलंय." आणि मग रांग, मशीन, मागच्या चार बायका, सगळं सांगितलं.

काकांनी पातेलं उचललं. नखाने वाजवून कानाशी नेलं. मग पुन्हा एकदा वाजवलं. मला वाटलं, आता म्हणतील, उद्यापासून येऊ नका.

"म्हणजे हे खोटं बोलतंय?" शेवटी त्यांनी विचारलं. विचारताना त्यांचा चेहरा मला बघवेना. एवढ्या घरांतून एवढ्या वस्तूंचं त्यांनी ऐकलेलं.

"खोटं नाही काका. लाजतंय."

त्यांनी पातेलं हळूच टेबलावर ठेवलं, पुसलं, पिशवीत घालून मला परत दिलं. म्हणाले, "महादेवरावांना विचारायला पाहिजे."

शनिवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा टेंपो अंगणात उभा होता आणि निम्मी भांडी पडवीत आली होती. सुनील म्हणाला, "काका, लिस्ट तर झाली ना?"

"झाली. चुकली." काकांनी चौकटीवर टकटक केली. या खेपेला ते आत गेलेच नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच, खिडकीकडे तोंड करून असलेल्या त्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "महादेवराव, माझ्याकडून चूक झाली. भांडी कुणाची?"

टेंपोवाल्याने विडी विझवली. आणि खुंटीवरच्या सदऱ्याची एक बाही, वारा नसताना, हळूहळू सरळ झाली. मी बघितली. सुनीलनेही बघितली असणार, कारण त्याने कानाचा मोबाइल खिशात टाकला.

"नाही म्हणतायत," काका म्हणाले. "खाट, खुर्ची, रेडिओ, सदरा. एवढंच माझं, म्हणतायत."

"काका, प्लीज," सुनील म्हणाला, पण आवाज खाली आलेला. "कोर्टात काय सांगणार? शर्ट बोलला?"

"कोर्टाला वेगळं सांगू. तुम्हाला खरं सांगितलं."

मग कोर्टासाठीचं काम सुरू झालं. काकांनी गोदाबाईंना मागच्या पायरीवरून उठवून पडवीत आणलं आणि एकेक भांडं त्यांच्यापुढे धरलं. हे कधीचं? कुठून घेतलं? गोदाबाई आधी एकच म्हणत राहिल्या. "त्यांचं नाव हाय," एवढंच. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "आई, माझ्या सहा भांड्यांवर पण नवऱ्याचंच नाव आहे. तो नाही, भांडी आहेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पहिल्या हंड्यावर हात ठेवला. "ही कोंबड्या विकल्या तवाची. नागपंचमीच्या आधी." पातेलं, लावणीच्या मजुरीतलं. परात, भिशी लागली तेव्हाची. मोठा टोप दोन वर्षं करवंदं आणि फणस विकून. एकाही भांड्याला त्या अडखळल्या नाहीत. मी लिहीत होते. सुनील आधी उभा होता, मग जोत्यावर टेकला.

सतराव्या भांड्याला काका त्याच्याकडे वळले. "तुमच्या डोंबिवलीच्या घरी भांड्यांवर नाव कुणाचं?"

"पप्पांचं."

"घेतली कुणी?"

सुनीलने समोरच्या परातीवरचं नाव अंगठ्याने पुसल्यासारखं केलं. "आई शिवणकाम करायची," मग म्हणाला. थोड्या वेळाने उठला, टेंपोवाल्याला म्हणाला, "दादा, गाडी पोलादपूरला जाईल. आणि तो टोप तळाला नको." बाकीच्या चोवीस भांड्यांची हकिगत आम्ही लिहून घेतलीच. काका म्हणाले, घेतलेलं अर्धं टाकायचं नसतं. त्यावर सुनीलने खाली सही केली.

जुन्या यादीतली एकेचाळीस नगांची ओळ काकांनी स्वतःच्या हाताने खोडली आणि शेजारी आपलं नाव घातलं. मग ती खोडलेली ओळ पुन्हा एकदा वाचली. मला वाटलं, अभिमान दुखावला. पुढे आठ दिवसांनी कळलं, तसं नव्हतं.

नवी पक्की यादी लिहून मी आठव्या दिवशी संध्याकाळी त्यांच्याकडे नेली. काका ऑफिसच्या मागच्या खोलीत राहायचे, एकटेच, लग्न केलेलं नव्हतं. तीन वर्षांत मी ती खोली आतून बघितली नव्हती. एक खाट, एक टेबल, आणि भिंतभर कपाट. कपाटात दोऱ्याने बांधलेल्या कागदांच्या चळती. टेबलावर दोन कप चहा होता. दुसरा माझ्यासाठी असेल म्हणून मी हात पुढे केला.

"थांबा, तो नाही," काका म्हणाले. "तुमच्यासाठी वेगळा करतो."

मी खाटेच्या कडेला टेकले. काकांनी कपाटातली एक चळत काढून मला दाखवली. हुसेनभाईंचं घर. मग पाचाडचं. प्रत्येक यादीची एक प्रत ते स्वतःच्या अक्षरात उतरवून ठेवायचे.

"तिथे आता काय आहे माहितीये?" ते म्हणाले. "हुसेनभाईंकडे चपलांचं शोरूम. पाचाडला नुसते सिमेंटचे खांब. वारसांनी वाटून नेलं सगळं. इथे मात्र जागच्या जागी आहे. दारात घडवंची, तिच्यावर तांब्या, पलीकडे कपाट. संध्याकाळी एकाकडे जाऊन बसतो. कागद उघडायचा आणि दारातून शिरायचं. ते काही बोलत नाहीत, मीही नाही. पण वेळ बरा जातो."

खोलीत गार वाटत होतं. दुसऱ्या कपातला चहा कमी झालेला दिसला, पण मी नीट बघितलं नाही.

काकांनी मी आणलेली यादी उघडली आणि हळूहळू वाचली. "खाट एक. खुर्ची एक, हात मोडलेला. रेडिओ एक, बंद. सदरा एक." पान उलटलं. मागे कोरं होतं. "महादेवरावांकडे जायचं मनात होतं. माणूस चांगला. पण आता तिथे चहाला पातेलं नाही, पाण्याला तांब्या नाही. रिकाम्या घरात दोघं नुसते बसून काय करणार." तक्रार नव्हती त्यात. भांड्याला पोचा आहे, असं सांगावं तसं सांगितलं.

मी म्हटलं, "काका, पातेलं पोलादपूरला आहे. स्टँडमागे. गोदाबाईंनी परवा चूल मांडली."

"त्या तर जिवंत आहेत."

"हो."

त्यांनी यादी घडी करून हातात धरली. "तिथे गेलं तर काय बोलावं लागतं?"

"काही नाही. त्या विचारतात, जेवणार का. आपण हो म्हणायचं."

"आणि न बोलावता गेलेलं चालतं?"

"खानावळ आहे काका. सगळे तसेच येतात."

काका खाटेखालच्या ट्रंकेतून धुतलेला सदरा काढू लागले. तो झटकता झटकता मध्येच थांबले आणि काळजीने म्हणाले, "दोन भाकऱ्या खाल्ल्या, तर जास्त होतील का हो?"

"नाही होणार," मी म्हटलं.